रिकाम्या खोलीचा धडा

अकरावीला वाङ्मय शिकवणाऱ्या बाईंना मुलं पाठीमागे शंकाबाई म्हणत. बाईंना हे ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. एकवीस वर्षं त्या एकच जुनी अमेरिकन कादंबरी शिकवत आल्या होत्या. नदीकाठचं लाकडी घर, घरात एक विधवा आणि तिची मुलगी, हिवाळ्यापुरता भाड्यानं राहायला आलेला एक जमीन मोजणारा माणूस, आणि वरच्या मजल्यावर एक बंद खोली. एवढ्या सामानावर बाई दोन महिने काढायच्या आणि मुलं जांभई न देता ऐकायची, हे त्यांचं कसबच म्हणायला हवं.

पहिल्या तासाला त्या फळ्यावर पाच रकाने आखत. घर, बंद जागा, आवाज, गप्प राहणारं माणूस, जुनं पाप. शेवटी एक बारीक सहावा रकाना, पान क्रमांकाचा. पुरावा नसेल तर संशयाला किंमत नाही, असा त्यांचा कायदा. प्रत शाळेचीच वापरायची, म्हणजे चाळीस जणांची पानं जुळतात. बाहेरची पुस्तकं, गाईडं, दादा-ताईंच्या वह्या वर्गात दिसल्या की बाई जप्त करत आणि वर्षभर परत देत नसत. शाळेच्या त्या चाळीस प्रती आधीच्या सरांच्या काळातल्या. पार खिळखिळ्या झाल्या तेव्हा बाइंडरनं पुढची-मागची फाटकी पानं काढून टाकली आणि काळं कापड लावून पुस्तकं नव्यानं बांधून दिली होती.

"गॉथिक म्हणजे भुताखेतांची गोष्ट नव्हे," बाई सांगत. "भूत दिसलं की भीती संपली. हा लेखक भूत दाखवत नाही, खुणा दाखवतो. या घरात कोणी कोणाला काही विचारत नाही, आणि विचारलं तरी खरं उत्तर मिळत नाही. मग आपण काय करायचं? कान टवकारायचे, आणि संशय घ्यायचा."

शेवटच्या तासाला ती बंद खोली उघडायची. बाई पुस्तक मिटून टेबलावर ठेवत, चष्मा काढत, आणि हळूच म्हणत, "खोली रिकामी असते. भीती बघणाऱ्याच्या डोक्यात असते." वर्ग चिडीचूप. या वाक्यावर बाईंनी नाव कमावलं होतं. त्यांनी काढलेली बारा पानांची टिपणं आसपासच्या पाच-सहा शाळांत वापरली जात, आणि शेवटच्या पानावर ते वाक्य ठळक अक्षरात छापलेलं होतं.

त्या वर्षी वर्गात एक मुलगी होती. अंगानं काडी, बोलायला नेमकी, आणि कोणी थाप मारली की बरोबर बोचणारी, म्हणून तिला सगळे टाचणी म्हणत. बाईंची ती लाडकी होती, जरी बाईंनी ते कधी कबूल केलं नसतं. गुरुवारी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत बाई मुलांनी त्या रकान्यांत भरून दिलेले तक्ते तपासत बसल्या होत्या. बाकीच्यांचे तक्ते नेहमीसारखेच होते, एकमेकांचे बघून लिहिलेले. टाचणीचा तक्ता हातात आला आणि बाईंचं लाल पेन थांबलं.

बंद जागेच्या रकान्यात तिनं लिहिलं होतं, 'दिवसाही पडदे ओढलेले. आत माणूस आहे.' आवाजाच्या रकान्यात, 'दुपारचा खोकला. खोकला आला की घरात बोलणं थांबतं.' त्यापुढे, 'आई. ती ताट दाराशी ठेवते आणि भांड्याचा आवाज होऊ देत नाही.' आणि शेवटी, 'मुलीला सगळं माहीत आहे. पण सांगितलं तर घर मोडेल, म्हणून ती सांगत नाही.' पान क्रमांकाचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा.

बाईंना कादंबरी पाठ होती. तीत खोकला नव्हता. ताट नव्हतं. खोलीत माणूस तर नव्हताच नव्हता.

मग हे आलं कुठून?

मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि ती एकदा चुकचुकली की बाईंना दुसरं काही सुचत नसे. यात नुसता खोडसाळ स्वभाव नव्हता. चार वर्षांपूर्वी एक मुलगी निबंधामागून निबंधात कुलपांबद्दल लिहायची, आणि बाईंनी प्रत्येक वेळी समासात 'प्रतिमा छान' असा शेरा दिला होता. परीक्षेनंतर कळलं की घरचे तिला खरोखरच कोंडून ठेवत होते. ती मुलगी शाळा सोडून गेली. तिच्या वह्या बाईंनी अजून टाकल्या नव्हत्या, आणि उघडायचीही त्यांची छाती होत नव्हती.

तास संपल्यावर त्यांनी टाचणीला थांबवलं.

"हे कुठून लिहिलंस गं?"

"वाचून, बाई."

"पान नंबर नाहीत ते?"

टाचणीचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तिनं दप्तराचा पट्टा घट्ट धरला. "राहिले, बाई. लिहीन."

"काही सांगायचंय का तुला?"

"नाही बाई," ती घाईघाईनं म्हणाली आणि पळालीच.

कधी नव्हे ती टाचणी खोटं बोलली होती. एवढं कळायला एकवीस वर्षांचा अनुभव लागत नाही, पण बाईंना वाटलं की तो आपल्याच कामी आला. त्या तडक कार्यालयात गेल्या आणि प्रवेशाचा अर्ज काढून बघितला. तीन वर्षांपूर्वीच्या अर्जावर स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं: वडील परगावी नोकरीस, घरी आई व मुलगी.

घरी आई आणि मुलगी. मग खोकतं कोण?

गणिताचे सर त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसत. तीस वर्षं आकडे तपासून त्यांचा स्वभाव कोरडा झाला होता, पण माणूस सरळ. त्यांनी तक्ता वाचला, पुन्हा वाचला, आणि परत दिला.

"मुलीला विचारा की सरळ, कोण आहे खोलीत म्हणून."

"असं विचारायचं नसतं सर. विचारलं की माणूस आणखी मिटतं."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं? त्या कादंबरीनं?"

"अनुभवानं सांगितलं," बाई फणकारल्या.

"खोली रिकामी असते म्हणून तुम्हीच शिकवता ना? भिंतीपलीकडून माझ्या वर्गाला ऐकू येतं दरवर्षी." सर हसले. बाई हसल्या नाहीत.

घरी नवऱ्यापाशी विषय काढला तर तो म्हणाला, "त्या पुस्तकानं तुझ्या डोक्यात घर केलंय. आपल्या शेजाऱ्यांनी कुत्रं आणलं तेव्हाही तू दोन दिवस म्हणत होतीस की तिकडे कोणीतरी रडतंय." झालं. आता तर बाईंनी पक्कं ठरवलं. चेष्टा झाली की त्यांचा निश्चय दुप्पट होत असे.

शुक्रवारी दुपारी शेवटचे दोन तास मोकळे होते. सहलीच्या परवानगीचा कागद घेऊन बाई टाचणीच्या घरी गेल्या. मुलगी शाळेतच होती, आणि तीच वेळ बाईंना हवी होती. चार मजली इमारत, दुसऱ्या मजल्यावर डावीकडचं दार. खालूनच त्यांनी मान वर करून बघितलं: पाच खिडक्यांपैकी एका खिडकीला जाड पडदा, आणि त्याच्या कडा आतून चिकटपट्टीनं भिंतीला चिकटवलेल्या. भर दुपारी!

बेल वाजवायला हात वर केला तर बेलवर पुठ्ठ्याचा तुकडा लावलेला. त्यांनी दारावर टकटक केली. दार साखळीएवढंच उघडलं आणि फटीतून एक थकलेला चेहरा दिसला.

"हळू," तो चेहरा म्हणाला. बाईंनी ओळख सांगितल्यावर आईनं साखळी काढली, पण दार आड करून ती तिथेच उंबऱ्यात उभी राहिली. तिच्या खांद्यावरून बाईंना जेवढं दिसलं तेवढं त्यांनी डोळ्यांत साठवलं. शिवणाचं मशीन, त्यावर अर्धवट शिवलेला अंगरखा, आणि दिवसाउजेडी काम बंद. आतल्या खोलीचं दार लावलेलं. दाराशी एक स्टूल, स्टुलावर ताट, ताटावर दुसरं ताट पालथं.

"सहलीचा कागद होता. सही हवी होती." बाईंचाही आवाज आपोआप खाली आला.

आईनं कागद भिंतीला लावून सही केली. तेवढ्यात आतून खोकला आला. जाड, पुरुषी, दोनदा. आईचा हात थांबला, पेन कागदावरच राहिलं, आणि तिनं मान वळवून त्या दाराकडे बघितलं. पुन्हा शांत झालं तशी तिनं उरलेली सही पूर्ण केली.

"मुलीचे बाबा परगावीच असतात ना?" बाईंनी विचारलं.

आईची नजर अजून दारावरच होती. तिनं मान हलवली, हो म्हणून. "बरं, येते मी? म्हणजे, तुम्ही या," असं काहीतरी उलटसुलट बोलून तिनं दार लावलंसुद्धा. साखळी पुन्हा अडकवल्याचा आवाज बाईंनी ऐकला.

जिना उतरताना बाई मनातल्या मनात रकाने मोजत होत्या. पडदे, खोकला, ताट, गप्प आई. पाचातले चार रकाने डोळ्यांदेखत भरले होते, आणि पाचवा भरायला फारसं डोकं लागत नव्हतं. नवरा परगावी. घरात दुसराच कोणी पुरुष. मुलीला सगळं माहीत आहे, पण सांगितलं तर घर मोडेल. बाईंना त्या पोरीची एवढी दया आली की रस्त्यातच डोळे भरून आले. दया अगदी खरी होती, हेही इथेच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून बाईंना नुसत्या लावालावी करणाऱ्या म्हणाल.

शाळेत यासाठी एक गुलाबी फॉर्म असे. मुलाच्या घरी काही वावगं असल्याचा शिक्षकाला संशय आला तर तो भरायचा आणि बालसंरक्षण विभागाकडे पाठवायचा. बाईंनी त्याच संध्याकाळी भरला. 'संशयाचं कारण' या जागेत मावेना म्हणून वेगळा कागद जोडला, आणि टाचणीचा तक्ता जोडला. 'मुलीशी बोलणं झालं का?' या प्रश्नापुढे त्यांनी क्षणभर विचार करून 'होय, ती बोलण्यास तयार नाही' असं लिहिलं.

सोमवारी दुपारी एक वाजता मुख्याध्यापकांचं बोलावणं आलं. त्यांच्या खोलीत विभागाच्या अधिकारी बसल्या होत्या. पन्नाशीच्या, पायात जाड बूट, मांडीवर फुगलेली बॅग. टाचणी समोरच्या खुर्चीवर काठावर बसलेली.

"मी सकाळी अकराला घरी जाऊन आले," अधिकारी म्हणाल्या. "हवालदार बरोबर होते, नियमच आहे तसा. खोलीत मुलीचे वडील होते. झोपलेले. वर्ष झालं त्यांना इथल्या पावाच्या कारखान्यात लागून. कायम रात्रपाळी. पिठानं छातीत खोकला धरलाय. दिवसा झोपावं लागतं म्हणून पडदे, म्हणून बेलवर पुठ्ठा. उठल्यावर खाता यावं म्हणून दाराशी ताट."

बाई घाईघाईनं म्हणाल्या, "पण अर्जात तर..."

"अर्ज तीन वर्षांपूर्वीचा आहे. आईला मी विचारलं, की परगावी म्हणून मान का हलवलीत? ती म्हणाली, बाई काय विचारत होत्या तेच मला कळलं नाही, त्या लवकर जाव्यात एवढंच डोक्यात होतं."

"बाबांना उठवलंत तुम्ही?" टाचणीनं विचारलं. या सगळ्यातलं तिला तेवढंच ऐकू आलं होतं. "त्यांना सकाळी साडेसहाला तर झोप लागते. हवालदार घेऊन? इमारतीतल्या लोकांनी बघितलं?"

अधिकाऱ्यांनी बॅगेतून तक्ता काढून तिच्यासमोर ठेवला. "मग हे काय आहे, बाळ? हे कोणाबद्दल लिहिलंस?"

टाचणीनं तक्त्याकडे बघितलं, मग बाईंकडे, मग पुन्हा तक्त्याकडे. हळूहळू तिला उलगडा होत गेला तो बाईंना तिच्या चेहऱ्यावर दिसला, आणि तेव्हा त्यांना पहिल्यांदा खरी भीती वाटली. तिनं दप्तर उघडून तळातून वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं जाडजूड पुस्तक काढलं. पहिलं पान उघडून दाखवलं. तीच कादंबरी. शाळेच्या प्रतीच्या दुप्पट जाड.

"पान एकशेत्रेचाळीस," ती म्हणाली आणि बोट ठेवलं. "खोकला. एकशेएक्कावन्न, आई ताट ठेवते. दोनशेसहा, मुलीला माहीत असतं." तिचा आवाज मुळीच चढला नाही. "खोलीत त्या विधवेचा भाऊ असतो. सैन्यातून पळून आलेला. शाळेच्या पुस्तकात हे काढून टाकलंय. ते मुलांसाठी छोटं केलेलं आहे. मला वाटलं, तुम्हाला माहीतच असणार बाई. पान नंबर मी टाकले नाहीत, कारण ते जुळले नसते, आणि तुम्ही पुस्तक जप्त केलं असतं. बाबांचं आहे ते. रविवारी आम्ही दोघं मिळून वाचतो."

अधिकाऱ्यांनी पुस्तक हातात घेतलं, दोन-तीन पानं वाचली, आणि बाईंकडे बघून अगदी साधेपणानं विचारलं, "हे पुस्तक तुम्ही शिकवता ना?"

तोंडात मारल्यासारखं झालं. बाईंना हो म्हणवेना आणि नाही म्हणवेना.

टाचणीला वर्गात पाठवल्यावर अधिकाऱ्यांनी पुढचं सांगितलं. फाइल एकदा उघडली की सहा महिने बंद होत नाही. त्या मुदतीत विभागाचं माणूस न कळवता केव्हाही घरी जाऊन बघणार. लवकर बंद करायची एकच वाट आहे: तक्रार करणाऱ्यानं स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं, की तक्रार माझ्या चुकीमुळे झाली आणि ती चूक ही. मोघम चालत नाही.

"तांत्रिक गैरसमज असं लिहू," मुख्याध्यापक म्हणाले. त्यांना शाळेची काळजी. "बाईंची टिपणं पाच-सहा शाळांत आहेत, उगीच बोभाटा नको."

"तांत्रिक गैरसमज मी परत पाठवते," अधिकारी म्हणाल्या आणि बॅगेची चेन लावून उठल्या.

मंगळवारी टाचणी आली नाही. बुधवारी नाही. बाईंनी गावातल्या वाचनालयातून पूर्ण प्रत आणली आणि दोन बैठकांत वाचून काढली. खोली रिकामी नव्हती. ती उघडते तेव्हा रिकामी असते, एवढंच खरं, कारण तोवर त्या भावाला धरून नेलेलं असतं. आणि शिपायांना बोलावणारा असतो तो जमीन मोजणारा, ज्याला बाई एकवीस वर्षं 'आपल्यासारखाच एक चौकस वाचक' म्हणून शिकवत आल्या होत्या. त्या भावाची सगळी पानं कोणीतरी मुलांच्या भल्यासाठी काढून टाकली होती. संक्षिप्त हा शब्द पहिल्या पानावर असणार, आणि पहिली पानं बाइंडरच्या केरात गेली होती. हे सगळं झालं खरं, पण कोणी बाईंचे हात धरले नव्हते. एकवीस वर्षांत एकदा तरी दुसरी प्रत उघडावी असं त्यांना वाटलं नव्हतं. दुसऱ्यांवर संशय घ्यायला शिकवणाऱ्या बाईंना आपल्या हातातल्या पुस्तकाचा संशय आला नाही.

"लिहून दे आणि मोकळी हो," नवरा म्हणाला, आणि या वेळी त्यानं चेष्टा केली नाही. बाईंनी दोन मसुदे केले. पहिल्यात 'उपलब्ध प्रतीतील त्रुटी' असं होतं. दुसऱ्यात 'पाठ्यसाहित्यातील तफावत' असं होतं. दोन्ही फाडले, पण तिसरा काही लिहून होईना. वाक्य सोपं होतं. ते लिहिलं की बारा पानी टिपणांचं काय, आणि पुढच्या वर्षी कोणत्या तोंडानं वर्गात उभं राहायचं, हे काही सोपं नव्हतं.

गुरुवारी दुपारी तीनला त्या पुन्हा त्या दाराशी गेल्या. बेलवरचा पुठ्ठा काढलेला होता. दार आईनं उघडलं, आणि बाईंना बघून तिनं बाजूला होऊन त्यांना आत घेतलं. राग केला असता तर बरं वाटलं असतं.

खिडकीचा पडदा सरकवलेला. आतल्या खोलीचं दार सताड उघडं, आणि ऊन थेट पलंगावर आलेलं. पलंगावर टाचणीचे बाबा दंडाखाली डोळे झाकून पडले होते. दुसरा हात बँडेजमध्ये होता. माणसांची चाहूल लागताच ते उठून बसले.

"या बाई. मी जागाच आहे."

"झोपा ना तुम्ही," बाई म्हणाल्या. "दार लावून घ्या."

"नको. ते लोक केव्हाही येतील म्हणालेत. दार बंद दिसलं की पुन्हा विचारणार. हिलाच विचारणार, शाळेत बोलावून." त्यांनी लेकीकडे बघितलं. टाचणी टेबलापाशी बसून गणितं सोडवत होती, किंवा तसं दाखवत होती. "उजेडात झोप लागत नाही मला. तीनच दिवस झालेत, होईल सवय."

"हाताला काय झालं?"

"काल भट्टीतून ट्रे काढताना डोळा लागला. थोडं भाजलं."

त्यांनी ते असं सांगितलं की जणू त्यात बाईंचा काही संबंधच नव्हता. बाईंना ते ऐकवेना. काय बोलायचं ते जिन्यातून चढताना त्यांनी चांगलं जुळवून आणलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. "माझं चुकलं," एवढंच कसंबसं बाहेर पडलं.

बाबांनी बँडेजचा हात मांडीवर घेतला. "एक विचारू?" ते म्हणाले. "माझी मुलगी खोटं बोलत नाही. तुम्हालाही माहीत असेल. तिला एकदा नुसतं विचारलं असतंत, घरी कोण असतं गं? तिनं सांगितलं असतं की बाबा झोपलेत. का नाही विचारलंत?"

बाई टाचणीच्या समोरच्या खुर्चीवर बसल्या, पर्समधून कोरा कागद काढला आणि तिथेच लिहायला लागल्या. आईनं चहाचं आधण ठेवलं आणि विसरून गेली. बाईंनी अर्धं पान लिहिलं, खाली सही केली, आणि कागद उलटा फिरवून टाचणीपुढे सरकवला.

"बघ बरं. बरोबर आहे का."

टाचणीनं वही मिटली आणि कागद वाचला. वाचायला तिला फार वेळ लागत नसे, पण आज लागला. मग तिनं बाईंचंच पेन उचललं, पण कागदाला लावलं नाही. नुसतं एका ओळीवर धरलं.

"इथे तुम्ही लिहिलंय, मी हे पुस्तक बहुधा पूर्ण वाचलेलं नसावं."

"हो."

"बहुधा काढा, बाई."

बाईंनी पेन घेतलं. 'बहुधा' खोडलं, 'नसावं' खोडलं, आणि वर 'नाही' असं लिहिलं. मग वाक्य पुन्हा वाचून बघितलं. मी हे पुस्तक पूर्ण वाचलेलं नाही. ते दिसायला फारच लहान होतं. खोडलेल्या जागेच्या बाजूला त्यांनी पुन्हा सही केली, तारीख घातली.

टाचणीनं कागदाची नीट घडी केली आणि परत दिली. बाबा उठून दारापाशी येऊन उभे होते, उन्हानं डोळे बारीक करून. विभागाचं कार्यालय पाच वाजता बंद होत असे. चार वाजायला आले होते.

"सोमवारी येशील ना वर्गात?" बाईंनी विचारलं.

टाचणीनं बाबांच्या हाताकडे बघितलं.

"आधी हे पोचू दे, बाई," ती म्हणाली.